मृगापर्यंत

गुढीपाडव्याच्या आसपास अमरावतीत ऊन तापायला लागतं आणि चौकाचौकांत पाणपोया उभ्या राहतात. चार बांबू, वर हिरवी जाळी नाहीतर तट्ट्यांचं छप्पर, खाली ओल्या वाळूवर बसवलेले दोन-तीन रांजण, त्यांच्या पोटाला गुंडाळलेलं भिजलं गोणपाट, लाकडी झाकण आणि साखळीला बांधलेला पेला. पहिल्या दिवशी नारळ फुटतो, कुणी मोठी व्यक्ती पहिला पेला पिते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. चैत्राच्या सुरुवातीला त्या पाण्याला वाळ्याचा वास असतो. जाणारा-येणारा सायकल टेकवून थांबतो, पाणी पितो, तोंडावर मारतो, उरलेलं दुपट्ट्यावर शिंपडतो आणि वाटेला लागतो.

मग वैशाख लागतो. पारा पंचेचाळिशीला टेकतो, डांबर चपलेच्या तळाला चिकटतं, दुपारी बारानंतर रस्ता ओस पडतो. पाण्याची खरी निकड याच दिवसांत असते आणि याच दिवसांत काही पाणपोयांचं झाकण सरकवून पाहावं, तर तळाशी चार बोटं पाणी आणि त्यात निंबाची वाळकी पानं. ज्यांनी ती पाणपोई लावली त्यांच्या मनात खोट होती, असं मला कधीच वाटलं नाही. नारळ फोडताना त्यांना तहानलेल्या माणसाविषयी खरीच कणव वाटली होती. पण कणव एका सकाळी दाटून येते आणि रांजण रोज रिकामा होतो. चांगलं जगणं म्हणजे काय, हा प्रश्न मला या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत सापडतो. पोथ्यांमध्ये आणि प्रवचनांत तो फार उंचावर असतो. इथे तो गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाळूत बसलेला असतो.

आमच्या घराकडून स्टँडकडे जाताना एका जुन्या निंबाखाली पंक्चर काढणाऱ्या चाचांचं दुकान लागतं. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, हवेचा कॉम्प्रेसर, ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचं घमेलं आणि शेजारी एक रांजण. रांजणावर नाव नाही, मागे पाटी नाही. पाडव्याला तो बाहेर येतो आणि मृगाचा पाऊस पडला की पालथा होऊन भिंतीकडेला जातो. सकाळी चालायला निघाले की चाचा त्याच्यापाशी बसलेले दिसतात. रात्रीचं उरलेलं पाणी ते आधी निंबाच्या आळ्यात ओततात. मग बाही वर सारून हात आत घालतात, अगदी खांद्यापर्यंत, आणि नारळाच्या शेंडीने आतून घासतात. साबण लावत नाहीत, कारण मातीच्या भांड्यात साबणाचा वास मुरतो आणि मग दहा पाण्यांनी जात नाही. तळाशी बोटं फिरवून बुळबुळीत काही राहिलं का ते चाचपतात. दोनदा विसळून रांजण कलता करतात, निथळू देतात. नळ आला असेल तर नळाचं, नाहीतर समोरच्या बोअरचं पाणी बादलीने आणून दुहेरी फडक्यातून गाळून भरतात. शेवटी गोणपाट भिजवून त्याच्या अंगाभोवती घट्ट लपेटतात, झाकण ठेवतात, झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं पालथं घालतात. एवढं झाल्यावर पेटीचं कुलूप उघडतं आणि दिवसाचा धंदा सुरू होतो.

एकदा मी सहज म्हटलं, “चाचा, कालच तर घासला होता ना?” ते रांजणातून हात न काढता म्हणाले, “काल धुतला म्हनून आज चालते का, ताई?”

२०२२ साली पाडवा आणि रमजान एका दिवसाच्या अंतराने आले. चाचांचे रोजे सुरू होते. पहाटेनंतर सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही आणि वर अमरावतीचं ऊन. त्या महिन्यातही रांजण रोज त्याच वेळी घासला गेला, त्याच फडक्यातून गाळून भरला गेला. दुपारी शाळेतून सुटलेली मुलं यायची, ऑटोवाले यायचे, बाजारातून डोक्यावर भाजीचं टोपलं घेऊन परतणाऱ्या बाया यायच्या. चाचा प्रत्येकाला ओगराळ्याने पाणी वाढायचे आणि सुकल्या ओठांनी पुन्हा ट्यूब घासायला बसायचे. पाणी पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ते लक्षात आलं असेल. चाचांनाही ते कुणाच्या लक्षात यावं असं वाटत असल्याचं कधी दिसलं नाही.

रांजणातलं पाणी गार का होतं, हे शाळेत आम्ही सगळेच शिकलो. मातीच्या अंगावरच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाफ होऊन उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. थोडं पाणी सतत गमावल्याशिवाय उरलेलं गार राहत नाही. छिद्रं क्षारांनी बुजली की रांजण जुना झाला असं आपण म्हणतो; तो फुटलेला नसतो, फक्त पाझरेनासा होतो. काही ठिकाणी रांजणाच्या अंगावर ऑइल पेंटने देणाऱ्याचं नाव लिहितात. अक्षरं जितकी ठसठशीत, तितकी माती बुजते आणि तितका पाझर कमी होतो. कुंभार हे बरोबर ओळखून असतात. रंगवलेला रांजण शोभेला घ्या, पाण्याला साधाच घ्या, असं ते गिऱ्हाइकाला सांगतात.

नाव लिहिण्याची हौस मात्र फार जुनी आहे आणि तिच्यामुळेच आपल्याला काही गोष्टी कळतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याच्या ओसरीत एक शिलालेख आहे. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा तो लेख. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याने काय काय केलं त्याची त्यात यादी आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपलं सोपारा, इथे वाटसरूंसाठी निवारे बांधले. विहिरी, तळी केली. तापी, दमण आणि आणखी काही नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया घातल्या. आपल्या भूमीवर पाणपोई किती जुनी आहे, ते दगडात कोरून ठेवलेलं आहे.

त्याच ओसरीत उषवदाताचा दुसरा एक लेख आहे. मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो त्यातला हिशोबाचा भाग. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी उषवदाताने २००० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनातल्या एका विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने. आणखी १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीतून वीस भिक्षूंना दर वर्षी प्रत्येकी बारा कार्षापणं मिळावीत, असं ते गणित आहे आणि ते गणित बरोबर जुळतं. दान देणारे पुष्कळ होऊन गेले. पुढच्या वर्षी काय, त्याच्या पुढच्या वर्षी काय, याचा विचार करणारा दाता मला त्या ओसरीत उभं राहून भेटतो. त्याच्या राजकारणाशी, लढायांशी मला कर्तव्य नाही. आपलं पुण्य एका दिवसात संपू नये, एवढी समज त्याला होती. मात्र तापीच्या काठी त्याच्या पाणपोईतले घडे रोज सकाळी ज्यांनी भरले, त्या हातांची नावं दगडावर नाहीत. मला वाटतं, उषवदाताचं पुण्य टिकलं ते त्या हातांमुळे.

पाण्याची गोष्ट निघाली की आपल्या मातीत आणखी एक गोष्ट येते आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. पाणपोई घालणं हे पुण्य मानणाऱ्या याच समाजाने शतकानुशतकं माणसांच्या एका मोठ्या भागाला पाणवठ्यावर येऊ दिलं नाही. कुठे वरून ओंजळीत पाणी ओतायचं, कुठे बांबूच्या पन्हळीतून लांबूनच सोडायचं आणि पुष्कळ ठिकाणी तेही नाही. चैत्रात रांजण भरणारा माणूस मनाने दयाळू असायचा, व्रतवैकल्यं करायचा, मुंग्यांना साखर घालायचा आणि तहानेने व्याकूळ झालेल्या माणसाला त्याची जात विचारायचा. हे सगळं एकाच माणसात सुखाने नांदू शकत होतं, याची मला आजही धास्ती वाटते. कारण मग नुसतं दयाळू असणं पुरत नाही. आपल्या चांगुलपणाच्या कुंपणाबाहेर कोण उभं आहे, हे मान वळवून पाहावं लागतं.

जोतीराव फुल्यांनी ते पाहिलं. १८६८ साली त्यांनी पुण्यातल्या आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. नवी पाणपोई घातली नाही, वेगळा हौद बांधला नाही. स्वतःच्या घरातलं रोजचं पाणी सगळ्यांचं केलं. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव तोवर होऊन गेला होता, पण ठराव कागदावर होता आणि तळ्याच्या काठी दहशत होती. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षं कोर्टकचेरी लढणं, तारखेमागून तारखेला हजर राहणं, हेसुद्धा मला सद्वर्तनच वाटतं. सोशिकपणाची स्तुती आपल्याकडे फार होते. न्यायासाठी न कंटाळता उभं राहण्याला आपण पुण्य म्हणत नाही; म्हणायला हवं.

आम्हा अमरावतीकरांना चांगुलपणाचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. गाडगेनगरातल्या गाडगेबाबांच्या समाधीवरून जाताना मला त्यांचा खराटाच आधी आठवतो. शेंडगावच्या परीट घरात १८७६ साली जन्मलेले डेबूजी जानोरकर १९०५ मध्ये घर सोडून निघाले ते अंगावर चिंध्यांचं वस्त्र आणि हातात मातीचं गाडगं घेऊन. पुढे त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, शाळा-वसतिगृहांना हात दिला आणि त्या मालमत्तेवर स्वतःचा किंवा घरच्यांचा हक्क ठेवला नाही. पण गावात आल्यावर पहिलं काम झाडण्याचं. दिवसभर रस्ते झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचं, लोकांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तरं काढत.

झाडण्याचं काम मोठं विलक्षण असतं. धर्मशाळा एकदा बांधली की उभी राहते, तिच्याकडे बोट दाखवता येतं. झाडलेला रस्ता संध्याकाळपर्यंत पुन्हा पहिल्यासारखा होतो. बाबांना हे ठाऊक नव्हतं का? गाव सोडून पुढे गेल्यावर मागे कचरा पडणारच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तरी पुढच्या गावात पुन्हा खराटा, त्याच्या पुढच्या गावात पुन्हा खराटा. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ वाटेतच त्यांचा देह पडला, तोवर हे चाललं. आपलं काम टिकणार नाही हे माहीत असूनही ते नीट करणारा माणूस मला फळाच्या आशेपलीकडे गेलेला वाटतो. हे त्यांनी समजावून सांगितलं नाही. अक्षरओळख नसलेल्या त्या माणसाने ते रस्त्यावर करून दाखवलं.

संतांच्या गोष्टी सांगताना एक धोका असतो. ती माणसं इतकी मोठी होतात की आपण हात जोडून मोकळे होतो. म्हणून मी घरातलं एक चित्र मनाशी धरून असते. आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी शाळेत होते. उजवी बाजू पूर्ण गेली होती. आई दर दोन-तीन तासांनी त्यांना कुशीवर वळवायची, पाठीला पावडर लावायची, चादरीची सुरकुती हाताने सपाट करायची, कारण सुरकुतीनेसुद्धा पाठीला जखम होते, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. भेटायला पाहुणे यायचे, मोसंबी आणायचे, घटकाभर बसायचे आणि जाताना म्हणायचे, “सूनबाई, फार पुण्य लागतं हो हातून अशी सेवा घडायला.” आई हसायची आणि चहाचे कप उचलायची.

आई रोज प्रसन्न असायची असं नाही. काही दिवस तिचं तोंड आवळलेलं असायचं, ती कुणाशी बोलायची नाही, भांडी जरा जोरात ठेवली जायची. लहानपणी मला त्या दिवसांची भीती वाटायची. आता वाटतं, तेच दिवस खरे होते. मन प्रेमाने भरलेलं असताना चादर बदलणं सोपं असतं. जीव उबगलेला आहे, कंबर भरून आली आहे, मनात ओलावा म्हणून उरलेला नाही आणि तरी चादर वेळेवर बदलली जाते, पाठीवर हात तितक्याच हलकेपणाने फिरतो, हे फार अवघड आहे. सद्गुण म्हणजे मनाची एखादी गोड अवस्था, असं आपण धरून चालतो आणि ती अवस्था नाहीशी झाली की आपण चांगले उरलो नाही म्हणून खंतावतो. आईच्या त्या गप्प दिवसांनी मला शिकवलं की भावना विसाव्याला गेली तरी हात आपलं काम करत राहू शकतात. भावना पुन्हा येते. कधी उशिरा येते, पण अशा हातांपाशी ती येतेच.

आणि तरीही त्या चित्रात मला एक सल आहे. घरात तेव्हा मोठी माणसं बरीच होती. पुण्य लागतं म्हणणारे सगळे खरं बोलत होते, पण ते पुण्य त्यांनी एकट्या आईच्या नावावर लिहून टाकलं होतं. रोजचं, न दिसणारं, उद्या पुन्हा करावं लागणारं चांगलं काम आपल्याकडे कुणाच्या वाट्याला येतं? सुनेच्या, मोठ्या मुलीच्या, मोलकरणीच्या, झाडूवाल्याच्या. त्यांच्या सोसण्याची आरती करून आपण आपला वाटा चुकवतो. एखाद्याला देवपण दिलं की त्याला हातभार लावायचं कारण उरत नाही. ज्या चांगुलपणाचं ओझं एकाच खांद्यावर आहे, तो कितीही थोर असला तरी त्यात बाकीच्यांचा अन्याय मिसळलेला असतो.

म्हणून पैठणचा रांजण मला फार मोलाचा वाटतो. एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या नावाने राहिला आणि बारा वर्षं कावडीने गोदावरीचं पाणी वाहत राहिला, अशी आपली श्रद्धा आहे. या कथेचं धाडस पाहा. देव घरी आला आणि त्याला काम दिलं ते पाणक्याचं! त्याने त्या बारा वर्षांत चमत्कार केला नाही, वर दिला नाही. घाटावरून घरी आणि घरून घाटावर, एवढंच केलं. तो कोण हे नाथांनाही कळलं नव्हतं आणि कळलं तेव्हा तो निघून गेला होता. ज्यांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्या साध्या माणसांना रोज पाणी भरण्याच्या कष्टात देवाला पाहावंसं वाटलं. मला तरी यापेक्षा मोठं तत्त्वज्ञान माहीत नाही.

तो रांजण नाथांच्या वाड्यात आहे. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते आणि नाथषष्ठीच्या दिवसांत लोक गोदावरीचं पाणी आणून त्यात ओततात. ज्याच्या घागरीने रांजण भरून वाहतो, त्याच्या रूपाने श्रीखंड्या आला असं मानतात आणि त्याचा मान करतात. पण शेवटच्या घागरीआधी कितीतरी घागरी पडलेल्या असतात. कुणी म्हातारी तांब्याभरच आणते, कुणी पोरगा कळशी हिंदकळत आणतो. रांजण सगळ्यांनी मिळून भरायचा असतो, हे त्या प्रथेत नकळत सांगून ठेवलेलं आहे. आपल्या घरांनी आणि गावांनी ते रोजच्या कामात उतरवायचं राहून गेलं.

तुमच्या आसपास, बहुधा तुमच्याच घरात, असा एक रांजण असेल. अंथरुणाला खिळलेलं कुणी माणूस, सोसायटीच्या जिन्याची झाडलोट, एकट्या राहणाऱ्या शेजारणीचं औषधपाणी, वस्तीतल्या मुलांचा अभ्यास, भर उन्हातलं पिण्याचं पाणी. तो कुणीतरी रोज भरत असेल. त्या माणसाला थोर म्हणू नका, त्याचा सत्कारही घडवू नका. काही मदत लागली तर सांगा, असंही म्हणू नका; ती माणसं कधी सांगत नाहीत. सरळ जा आणि आठवड्यातला एक वार मागून घ्या. मंगळवार माझा, म्हणा. आणि मग कंटाळा आला, पाहुणे आले, मन लागत नसलं, तरी तो मंगळवार पाळा.